एकोणीस वर्षे मागे जाणारे घड्याळ

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारे एखादे जुने यंत्र सुरू करावे, त्याने आपण उभे आहोत ती जागा अचूक सांगावी, पण तारीख मात्र वीसएक वर्षांपूर्वीची दाखवावी, असा अनुभव अनेकांना आला आहे. असे यंत्र निकामी समजून अडगळीत टाकण्यापूर्वी दोष त्याच्या कोणत्या भागात आहे, हे समजून घेणे इष्ट होय.

अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेतील उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि आपल्या आण्विक घड्याळाची वेळ अखंड प्रक्षेपित करतात. या संदेशात दिवस, मास व वर्ष सांगितलेले नसते. ६ जानेवारी १९८० पासून मोजता कितवा आठवडा चालू आहे आणि त्या आठवड्यातील कितवा सेकंद, एवढेच उपग्रह कळवितो. मूळ संदेशाचा वेग सेकंदाला अवघा ५० अंकांचा. तेव्हा काटकसर ओघानेच आली. आठवड्यासाठी द्विमान पद्धतीचे दहाच अंक राखले गेले, आणि दहा द्विमान अंकांत ० ते १०२३ एवढ्याच संख्या मावतात. पुढचा आठवडा उजाडला की गणना पुन्हा शून्यावर येते.

आपल्याकडील साठ संवत्सरांच्या चक्राशी याचे साम्य आहे. एखाद्या जुन्या लेखात शकाचा आकडा नसून नुसते ‘प्रभव’ नाम संवत्सर असेल, तर तो प्रभव कोणता, हे अन्य पुराव्यावरूनच ठरवावे लागते. जीपीएसचे चक्र ६० वर्षांचे नसून १०२४ आठवड्यांचे, म्हणजे ७१६८ दिवसांचे, सुमारे १९ वर्षे साडेसात महिन्यांचे आहे. पहिले चक्र २१–२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री संपले व त्या वेळी जपानमधील मोटारींतील काही जुनी मार्गदर्शक यंत्रे बंद पडली. दुसरे ६–७ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री संपले. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजत होते. तिसरे २०–२१ नोव्हेंबर २०३८ रोजी संपेल. या मध्यरात्री अर्थात् ग्रिनिचच्या.

मग २०१९ साली सर्वच यंत्रे एकदम का चुकली नाहीत? कारण ‘प्रभव कोणता’ हे ठरविण्याची प्रत्येक निर्मात्याची रीत वेगळी असते. पुष्कळांनी यंत्रातील आज्ञावली ज्या सुमारास तयार झाली ती तारीख आधार मानली व त्यापुढील १०२४ आठवडे यंत्र बिनचूक चालेल अशी योजना केली. ती मुदत ज्या दिवशी संपते, त्या दिवशी ते यंत्र मागे उडी घेते. उपग्रहांच्या चक्राची तारीख तेव्हा असो वा नसो. ॲपल कंपनीच्या आयफोन ५ ची मुदत ३ नोव्हेंबर २०१९ ला संपत होती. त्यापूर्वी नवी आज्ञावली न घेतलेल्या फोनला पुढे ती हवेतून मिळणे शक्य नव्हते, कारण महाजालावरील सुरक्षित देवघेव अचूक तारखेवाचून होत नाही. औषध मिळण्याची वाटच रोगाने बंद केली! संगणकाला तार जोडून ते काम करावे लागे.

स्थान मात्र बहुधा बरोबर येते, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. परंतु स्थाननिश्चितीस आठवड्यातील सेकंद पुरतो. उपग्रहाच्या कक्षेची माहितीही त्याच सेकंदांच्या मापाने दिलेली असते. शिवाय ७१६८ ला सातने नि:शेष भाग जातो, म्हणून वारही चुकत नाही. रविवारचा रविवारच राहतो, आणि त्यामुळे चूक सहजी ध्यानात येत नाही.

समुद्रावर ती महाग पडू शकते. काही नौकोपयोगी यंत्रे तारखेवरून भरती-ओहोटीचे कोष्टक मांडतात. ७१६८ दिवसांत चंद्राची २४२ पूर्ण आवर्तने होऊन वर साडेएकवीस दिवस उरतात. परिणामी पौर्णिमेच्या दिवशी असे यंत्र कृष्ण अष्टमीच्या आसपासची तिथी धरते. बाहेर उधाण असताना ते भांगाची भरती दाखवील! बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा असलेल्या ठिकाणी हा फरक काय करील, हे कोकणातील तांडेलास सांगावयास नको. अशा नौकेवर यंत्राचे कोष्टक बाजूस ठेवून छापील कोष्टकच पाहावे.

उपाय करण्यापूर्वी यंत्रात साठविलेल्या खुणा, मासेमारीच्या जागा व मार्ग यांची नोंद वहीत वा संगणकावर उतरवून घ्यावी. वर्षांची कमाई एका कळीने पुसली जाते. नंतर निर्मात्याने नवी आज्ञावली दिली असल्यास ती घालावी. मग यंत्र उघड्या आकाशाखाली, न हलविता, पाव तास ठेवावे. सर्व उपग्रहांचे स्थूल पंचांग एकदा पूर्ण ऐकावयास साडेबारा मिनिटे लागतात. चुकीच्या तारखेमुळे भलतेच उपग्रह शोधीत बसलेली काही यंत्रे एवढ्यानेच मार्गावर येतात. निर्मात्याने हात वर केले असतील (चांगल्या स्थितीतील वस्तूविषयी ही अनास्था खेदजनक आहे), तर यंत्र स्थानापुरते वापरावे आणि त्याने नोंदलेल्या तारखांत संगणकावर ७१६८ दिवस मिळवावेत.

अशी बेरीज आपोआप करू पाहणारेही क्वचित फसतात. ‘जीपीएसडी’ या सार्वजनिक आज्ञावलीत, लीप सेकंदांची संख्या २०२१ पर्यंत १८ वरून वाढलेली असेल, असे गृहीत धरले होते. ती वाढली नाही. त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी तारीख मार्च २००२ मध्ये जाणार होती. चूक आधीच उघडकीस आली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित आवृत्ती निघाली.

जीपीएसच्या नव्या संदेशांत आठवड्यासाठी तेरा अंक आहेत. ते चक्र सुमारे १५७ वर्षांचे. युरोपच्या गॅलिलिओत बारा आहेत. भारताच्या नाविक व्यवस्थेची कालगणना २२ ऑगस्ट १९९९ पासून सुरू होते, आणि तिच्या मूळ संदेशातही आठवड्याला दहाच अंक दिलेले आहेत. म्हणून २१ नोव्हेंबर २०३८ ची ती पहाट नाविकच्या यंत्रांनाही ओलांडावी लागेल.