नौदलाचा एक नग आणि आपली फौंड्री

आपल्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींना सवय आहे ती मोटारीच्या कामाची. एकच पॅटर्न, हजारो नग. नौदलाच्या दुरुस्तीचं काम उलटं. जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. पंपाचं केसिंग खराब होतं, नग लागतो एकच, आणि पुष्कळदा मूळ कारखान्यानं तो बनवणं केव्हाच थांबवलेलं असतं.

त्यात समुद्राचं पाणी. बिडाचा भाग खाऱ्या पाण्यात राहिला की त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं, ग्राफाइट मागे उरतं. आकार तसाच्या तसा, पण चाकूनं खरवडता येतो, बघा! म्हणून तिथे निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ वापरतात. हा धातू ओतताना खळबळ झाली की ऑक्साइडची साय आत अडकते. साचा खालून, शांतपणे भरावा लागतो. भट्टी वेगळी, भंगारही वेगळं.

तेव्हा आराखडा करताना आधी सीएनसी मशीन मागू नका, ती कोल्हापुरात आहेतच. आधी मोजणीची खोली हवी. जुना भाग थ्रीडी स्कॅन करायचा, पण तो झिजलेला असतो, तेव्हा मूळ जाडी किती हे अनुभवी पॅटर्नमेकरनंच ठरवायचं. मग एक्स-रे, पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि भट्टीपासूनची प्रत्येक नगाची नोंद. मुंबईची नौदल गोदी असो की कारवारची, ती नोंद मागितली जाणारच.