नेमकेपणाची किंमत

पुणे–दौंड लोहमार्गावर लोणी काळभोरजवळ संगणकाच्या ताब्यातलं एक फाटक आहे, असं समजू. गाडीची चाहूल लागली की 60 सेकंदांच्या आत ते पडलंच पाहिजे. गाडी गेली की 30 सेकंदांत उघडलं पाहिजे. गाड्या कशाही आल्या तरी हा नियम मोडणार नाही, याची हमी कशी द्यायची? चाचण्या कितीही घ्या, पुरणार नाहीत. कारण दोन सेकंदांच्या मधेही अनंत क्षण असतात.

1990 मध्ये संगणकशास्त्रज्ञ राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी यावर मला अतिशय देखणी वाटणारी वाट काढली: टाइम्ड ऑटोमेटा. यंत्राला हवी तेवढी घड्याळं जोडायची. ती शून्यावर आणता येतात, ठरलेल्या आकड्यांशी ताडता येतात. आकडे पूर्णांकी असले, तर प्रत्येक घड्याळाचा सर्वांत मोठ्या ठरलेल्या आकड्यापर्यंतचा पूर्णांक आणि अपूर्णांकांतला लहानमोठा क्रम एवढंच पाहणं पुरतं. अनंत क्षण मोजक्या गटांत मावतात आणि संगणक ते सगळे तपासतो.

नियम मात्र तर्काच्या भाषेत लिहायचे, तर एका शब्दाने घात होतो: ‘नेमक्या’. एका सेकंदात कितीही घटना मावतात. त्या प्रत्येकीची नक्कल नेमक्या एका सेकंदाने उमटलीच पाहिजे, असा नियम करता आला की काळाचीच अमर्याद फीत होते आणि तिच्यावर ट्युरिंगचं यंत्र, म्हणजे संगणकाचं गणिती प्रारूप, चालवता येतं. असं यंत्र थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही, हे तर 1936 पासून माहीत आहे. अलूर, फेडर आणि हेन्झिंगर यांनी 1991 मध्ये दाखवलं, की ‘नेमक्या 5 सेकंदांनी’ऐवजी ‘4 ते 6 सेकंदांत’ म्हटलं तर तपासणी पुन्हा शक्य होते.

मुंबईत खुशराज मदनानी, एस. एन. कृष्णा आणि परितोष पांड्या यांनी 2014 मध्ये तपासता येणारं आणि न येणारं यांमधली सीमा आणखी बारकाईने आखली. घटनांची मालिका संपणारी असेल, तर भविष्याबद्दल नेमकं बोला, भूतकाळाबद्दल मात्र सैल. तपासणी शक्य राहते.

पण असे नियम अभियंत्याने लिहायचे कसे, हा प्रश्न उरतोच. लोणीहून पुण्याकडे येताना लागणाऱ्या हडपसरमध्ये टाटांची ‘टीआरडीडीसी’ ही संशोधन संस्था होती. तिथल्या आर. वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘एक्स्प्रेसिव्ह डिसिजन टेबल्स’ ही पद्धत मांडली. त्यात अभियंता ओळखीच्या तक्त्यातच ‘बटण 3 सेकंद दाबलेलं राहिलं तर’ अशा अटी लिहितो. तर्कशास्त्राची चिन्हं त्याला शिकावी लागत नाहीत, आणि तरी त्या तक्त्याचा अर्थ गणिती काटेकोरपणे ठरलेला असतो.