राहून गेलेले सत्कर्म

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी म्हणजे मोक्षदा एकादशी, हीच गीताजयंती. आज घरोघरी अठरा अध्यायांचे पारायण होईल. या पुण्यपर्वावर एका प्रश्नाचा विचार करावा असे वाटते. कीर्तन आटोपून आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली, की एखादे वयोवृद्ध गृहस्थ हळूच जवळ येऊन प्रस्तुत लेखकास विचारतात, "बुवा, मागे वळून पाहताना काही चुकले असे वाटते का हो?" विचारणाऱ्यास बहुधा स्वतःविषयीच काही सांगावयाचे असते.

अर्जुनाची व्यथा तरी याहून निराळी कोठे होती? हातून होणाऱ्या कर्माचा पश्चात्ताप त्याला युद्धाआधीच ग्रासून बसला होता. आपली स्थिती याच्या उलट. आपला शंख केव्हाच वाजून गेला. सांजवेळी आपण रणभूमीकडे पाहत उभे आहोत. कोणते बाण सुटले आणि कोणते भात्यातच राहिले, एवढाच हिशेब आता उरला आहे.

या हिशेबाविषयी तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत एक मार्मिक विचार आला आहे. ब्रह्म जाणणाऱ्यास दोन गोष्टींचा ताप होत नाही, असे श्रुती सांगते. आपल्या हातून चांगले का घडले नाही, हा पहिला ताप; आणि पाप का घडले, हा दुसरा. हा क्रम पाहण्यासारखा आहे. केलेल्या पापाच्या आधी श्रुतीने न केलेले सत्कर्म मांडले आहे. अलीकडे, १९९५ साली, अमेरिकेतील टॉमस गिलोविच व व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. ताज्या घटनांत माणसाला केलेल्या गोष्टी अधिक बोचतात, परंतु संपूर्ण आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टीच अधिक सलतात, असे त्यांना आढळले. केलेल्या चुकीची क्षमा मागता येते, तिची भरपाई करता येते, निदान तिच्यातून काही शिकता तरी येते. न केलेल्या कर्माला मात्र शेवटच नसतो. ते मनात रोज नव्याने राहून जाते.

याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. नागपूरपासून वर्धा ते कितीसे लांब! आचार्य विनोबा भावे यांनी २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरली, परंतु वाटेत सुरतेस उतरून त्यांनी काशीचा रस्ता घेतला. शिक्षणाची प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती. लौकिक दृष्टीने याहून मोठा अविचार कोणता? तथापि तो निर्णय त्यांनी जन्मभर निभावला.

परंतु घरची एक गोष्ट राहिली होती. मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नसे. वामनपंडितांची समश्लोकीही त्यांना कठीण वाटली, तेव्हा मराठी गीता तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलालाच सुचविले. १९१८ साली त्या निवर्तल्या. पुढे ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी वर्ध्यात त्या कामास हात घातला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पुरे केले. ग्रंथाचे नाव ठेवले 'गीताई'. जिने मागितली तिच्या कानी ती कधीच पडली नाही. म्हणून विनोबा थांबले नाहीत. एका आईचे देणे त्यांनी महाराष्ट्रातील यच्चयावत आयाबहिणींच्या पदरात घातले. आज वर्ध्याच्या गोपुरीतील गीताई मंदिरात ते अठरा अध्याय शिलांवर कोरलेले आहेत.

आता स्वतःविषयी थोडे. तरुणपणी संस्कृतच्या अध्यापकाची कायम नोकरी चालून आली असता ती नाकारून प्रस्तुत लेखकाने रामटेकात राहून नारदीय कीर्तनाचा मार्ग धरला. तुटपुंज्या बिदागीत संसार ओढला. त्याची खंत वाटते का, असे पुष्कळ जण विचारतात. खंत नाही. सलते ते वेगळेच. आमच्या सौभाग्यवती रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणत. "अर्थ कळत नाही, रोज दहा नावे समजावून सांगाल का?" एवढीच त्यांची मागणी होती. शंभर दिवसांचे काम! गावोगावी शेकडो श्रोत्यांसमोर पूर्वरंगात शब्दाशब्दाची फोड करणाऱ्या बुवांना घरच्या एका श्रोत्यासाठी तीस वर्षांत शंभर दिवस सापडले नाहीत. आज सप्ताह आहे, उद्या परगावी जाणे आहे, असे म्हणता म्हणता त्या गेल्या. त्यांची पोथी तेवढी देव्हाऱ्यात राहिली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ती पोथी उघडली. तेव्हापासून, परगावी कीर्तन नसेल त्या दिवशी, तिन्हीसांजेचा दिवा लागला की आमची सूनबाई व शेजारच्या दोन-तीन माउली देव्हाऱ्यापुढे बसतात. दहा नावे, त्यांचा अर्थ, मग नमस्कार. सूनबाई वहीत उतरवून घेतात. आतापर्यंत तीनशे दहा नावे झाली. ज्यांनी विचारले त्या ऐकावयास नाहीत, ही बोच गेलेली नाही; ती जाईल असेही वाटत नाही. पण तिला आता रोजचे काम मिळाले आहे.

वाचकहो, आज पारायणाचा शेवटचा श्लोक म्हणून झाल्यावर क्षणभर आसनावरच बसून राहावे. आपल्या घरातील कोणी, केव्हातरी, अगदी साधेसे काही मागितले होते का, ते आठवावे. ते माणूस आज समोर असेल तर आपले भाग्य थोर; पोथी मिटावी आणि त्याच्याजवळ जाऊन बसावे. ते नसेल, तर त्याचे मागणे आज ज्याच्या ओठी आहे असे दुसरे कोणी शोधावे.