गोंदियाचे मनोहरभाई

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावात औषधनिर्माणशास्त्राचे एक महाविद्यालय आहे. त्यावर नाव आहे मनोहरभाई पटेल यांचे. तिथे आज शिकणाऱ्यांपैकी कुणी मनोहरभाईंना पाहिलेले असणे शक्य नाही. ते १९७० सालीच वारले. होऊन गेलेल्या आमदारांची नावे सहसा कोनशिलेवर पुसट होत जातात. हे नाव मात्र अजून दाखल्यांवर छापले जाते. असे का झाले, ते पाहण्यासारखे आहे.

मनोहरभाईंचा जन्म १९०६ चा. गुजराती कुटुंबातला हा माणूस विडीच्या धंद्यात मोठा झाला. या भागातल्या जंगलात तेंदूपत्ता भरपूर, आणि धानाचा हंगाम सरला की रिकामे हातही भरपूर. कारखानदाराने पाने आणि तंबाखू द्यायची, बायामाणसांनी घरी बसून विड्या वळायच्या, आणि हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची, अशी या धंद्याची रीत. विडी कामगारांच्या कामाच्या अटी ठरवणारा केंद्राचा कायदा आला तो थेट १९६६ मध्ये. त्याआधीची कमाई कोणाच्या बोटांवर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

मनोहरभाई गोंदियाचे काँग्रेसचे आमदार झाले. तो काळ उलथापालथीचा होता. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. गावाचे काम तिथपर्यंत पोहोचवणारा माणूस हवाच होता.

१९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. आपल्याकडची अनुदानित शाळा कशी चालते? जागा, इमारत आणि कारभार संस्थेचा. मान्यता मिळाली की शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून. म्हणजे सुरुवातीला पैसा लागतो आणि पुढे मुंबईत वजन लागते. मनोहरभाईंकडे दोन्ही होते. रेल्वेने नागपूर सव्वाशे किलोमीटरहून लांब. तिथे खोली घेऊन राहणे परवडत नाही, अशा घरातल्या मुलामुलींसाठी गावातले कॉलेज म्हणजे शिकणे आणि न शिकणे यांतला फरक होता.

याला दुसरी बाजूही आहे. खासगी शिक्षण संस्था म्हटली की नेमणुका आणि प्रवेश आले, आणि त्यातून माणसे बांधली जातात. महाराष्ट्राच्या कितीतरी तालुक्यांत शाळा, बँक आणि कारखाना हीच राजकारणाची मुळे ठरली. मनोहरभाई गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव प्रफुल्ल तेरा वर्षांचे होते. पुढे ते १९८५ मध्ये गोंदियाचे नगराध्यक्ष आणि १९९१ मध्ये खासदार झाले, नंतर केंद्रात मंत्रीही. पण वारसा म्हणजे विजयाची हमी नव्हे. २००४ आणि २०१४ मध्ये याच मतदारांनी त्यांना लोकसभेत पराभूत केले.

मतदार मत बदलतो. त्याची मुलगी मात्र त्याच कॉलेजात जात राहते. दरवर्षी ९ फेब्रुवारीला, मनोहरभाईंच्या जयंतीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. पुढाऱ्याचे मोल करताना तो किती वेळा निवडून आला, एवढेच मोजू नये. तो गेल्यावर गावातल्या कोणत्या मुलासाठी कोणते दार उघडे राहिले, तेही पाहावे. आणि त्या दारासाठी ज्यांनी विड्या वळल्या, त्यांचेही स्मरण ठेवावे.