दिव्यातले दुकान सापडत का नाही?

दिव्यातील गादीवाला किंवा कलईवाला मोबाइलवर शोधू गेल्यास पहिली अडचण गावाच्या नावाचीच येते. इंग्रजीत ह्याच स्पेलिंगचा अर्थ नावाजलेली गायिका. त्या नावाची ब्युटी पार्लरेही आहेत. मराठीत लिहावे, तर तेलवातीचा दिवा. शिवाय ऐरोलीकडेही एक दिवा गाव आहे! पिनकोडही एकटा पुरत नाही, कारण ४००६१२ हा मुंब्र्याचाही आहे.

१९९६ साली मुंबईत 'जस्ट डायल' सुरू झाले तेव्हा फोनवर माणूस असे. पूर्व की पश्चिम, हे तो उलट विचारू शके. आता ते यंत्राने ओळखायचे, आणि यंत्र ओळखते ते लिहिलेल्यावरून. दुकानाच्या पाटीवर 'शेख' एका स्पेलिंगने, परवान्यावर दुसऱ्या आणि मुलाने मोबाइलवर भरले तिसऱ्या, की एका दुकानाची तीन दुकाने होतात. ग्राहकांचे चांगले शेरेही तिघांत वाटले जातात. गूगल क्रम लावताना शोधाशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी पाहते. शेरेच विखुरले तर प्रसिद्धी कोठून येणार? म्हणून नाव सर्वत्र एकच लिहावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

अंतराचे गणितही फसवे. रेल्वेच्या रुळांनी दिव्याचे दोन भाग केले आहेत. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारे दुकान गाठायला पुलाचे जिने चढावे लागतात.

खरा अवघड प्रश्न घरी काम करणाऱ्यांचा. चाळीतल्या खोलीत जरीकाम, शिवणकाम करणाऱ्या भगिनींना पाटी नाही. "टाकीच्या मागे" हाच पत्ता. पूर्वी गूगलच्या पडताळणीचे कार्ड टपालाने येई, ते अशा पत्त्यावर पोहोचणे कठीणच. आता बहुधा व्हिडिओ मागतात. त्यात गल्ली, कामाची जागा, हत्यारे दाखवावी लागतात. ग्राहकाकडे माल पोहोचता करणाऱ्यांना घराचा पत्ता झाकून फक्त परिसर दाखवण्याची सोय आहे. ही गोष्ट आमच्या फार थोड्या भगिनींना ठाऊक असावी. नोंदणी फुकट आहे. फोन करून पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्यास दाद देऊ नये.

आणखी एक. रमजानमध्ये दुकान तरावीहनंतरही उघडे असते, पण मोबाइल मात्र रात्री नऊलाच 'बंद' सांगतो. ठरावीक तारखांची वेगळी वेळ भरता येते, तशीच जुम्याच्या नमाजची सुट्टीही. चाँदरातीच्या आधी एवढे भरून ठेवावे.