डब्यात ओतलेला पिस्टन

अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, ओतीव लोखंड 1,200च्या आसपास, आणि पोलादाला 1,400च्याही वर जावं लागतं. शाळेत वाचून विसरलेले हे आकडे. पण न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, इन्व्हरकार्गिल नावाच्या गावात, बर्ट मन्रो नावाच्या माणसाने या आकड्यांमधल्या फटीत अर्धं आयुष्य काढलं. 660 अंश म्हणजे घरच्या घरी भट्टी पेटवून गाठता येणारं तापमान. आणि पत्र्याचा रिकामा डबा म्हणजे मुळात पातळ पोलाद. त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओतलं तरी डबा जागचा हलत नाही. आतला गट्टू गार झाला की काढायचा, कातून-घासून मापाला आणायचा, की झाला मोटरसायकलचा पिस्टन. तो पुढच्याच फेरीत फुटला तर? पुन्हा भट्टीत घालायचा. कच्चा माल फुकट, मजुरी आपलीच.

हा उद्योग ज्या गाडीसाठी चालला ती मन्रोने 1920 साली नवी घेतली होती, वयाच्या 21व्या वर्षी. इंडियन स्काउट तिचं नाव. इंडियन ही अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधली कंपनी. नावापलीकडे तिचं आपल्याशी काही नातं नाही. इंजिन नंबर 50आर627. 600 सीसी, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे मांडलेले दोन सिलिंडर, तीन गिअर. गिअर हाताने टाकायचे आणि क्लच पायाने दाबायचा. कारखान्यातून आली तेव्हा ती ताशी 55 मैल पळायची, म्हणजे 88 किलोमीटर. त्या काळी ते काही कमी नव्हतं. पण 1926च्या सुमाराला मन्रोने इंजिन उघडलं, आणि त्यानंतर त्या गाडीला चाळीसएक वर्षं निवांतपणा मिळाला नाही. दिवसा तो मोटरसायकली विकायचा आणि रात्री स्वतःच्या गाडीशी झटायचा. पुढे नोकरी सोडून गॅरेजातच राहायला गेला, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळही वाचला!

या खटाटोपातून निघालं ते असं: ऑगस्ट 1967मध्ये, अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हीच गाडी ताशी 184.087 मैल धावली. किलोमीटरमध्ये 296. 1,000 सीसीपर्यंतच्या गटात तो विक्रम ठरला. तेव्हा गाडी 47 वर्षांची होती आणि तिच्यावर पालथा पडलेला माणूस 68 वर्षांचा.

88 वरून 296. वेग साडेतीन पटही वाढला नाही, एवढंच वाटेल. खरी गंमत इथेच आहे. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर अडथळा चौपट. शिवाय तो चौपट अडथळा दुप्पट वेगाने ढकलायचा असतो, म्हणून इंजिनाला लागणारी ताकद आठपट होते. घनाचा हिशोब आहे हा. 184 भागिले 55 करा आणि आलेल्या आकड्याचा घन काढा. उत्तर 37च्या पुढे जातं. गाडीचा आकार तोच ठेवला असता तर हवा कापायला मूळ इंजिनाच्या 37 पट ताकद लागली असती. आणि मन्रोने इंजिन मोठं करून करून किती मोठं केलं? 600 सीसीचं 950. म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. बाकीचं सगळं दुसरीकडून आणायचं होतं.

त्यातलं बरंचसं त्याने इंजिनाच्या डोक्यातून आणलं. मूळ स्काउट साइड-व्हॉल्व्ह जातीची. हवा-पेट्रोल आत घेणारे आणि जळका धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला उभे असतात. रचना साधी, दुरुस्ती सोपी, म्हणून त्या काळात लोकप्रिय. पण मिश्रणाला आत जायचं तर बाजूने वर चढून, वळण घेऊन, मग सिलिंडरवर यावं लागतं. ज्वलनाची जागा पसरट आणि चपटी राहते, त्यामुळे मिश्रण फार दाबता येत नाही. आणि जेवढं दाबाल तेवढी ताकद, हा इंजिनाचा मूळ नियम. मन्रोने या इंजिनावर ओव्हरहेड व्हॉल्व्ह बसवले, म्हणजे व्हॉल्व्ह थेट डोक्यावर आणले. मिश्रण सरळ वरून खाली उतरतं, जागा आटोपशीर होते, दाब वाढवता येतो, इंजिन जास्त फेऱ्या घेऊ शकतं. वाक्यात हे चार शब्दांचं काम आहे. प्रत्यक्षात नवी हेड, नवे सिलिंडर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची नवी व्यवस्था आणि हे सगळं तेलात भिजत ठेवणारी नवी वाट. आज कंपन्यांत यासाठी माणसांची एक अख्खी फौज बसते. इथे एक माणूस, एक टेबल आणि रात्र.

पिस्टनचंच जवळून बघू. सिलिंडर लोखंडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. शिवाय पिस्टन आगीच्या तोंडाशी, म्हणून जास्त तापलेला, आणि सिलिंडरला बाहेरून वारा लागतो. 70 मिलिमीटरचा पिस्टन 200 अंशांनी तापला तर तो जवळपास एक तृतीयांश मिलिमीटरने रुंदावतो. सिलिंडर तेवढ्यात 100 अंशांनीच तापला असेल तर तो जेमतेम 0.08 मिलिमीटरने. म्हणजे थंड इंजिनात पाव मिलिमीटरचा गाळा आधीच सोडून ठेवायला हवा. कमी सोडला तर भर वेगात पिस्टन सिलिंडरला चिकटून जाम होतो आणि मागचं चाक लॉक होतं. जास्त सोडला तर दाब बाजूने निसटतो, पिस्टन आत खडखडतो. आपल्याकडचे जुने मेकॅनिक रिबोअर करून आणलेल्या गाडीवर पहिले काही दिवस डबलसीट बसू नको, ताणू नको असं बजावतात, ते याच पाव मिलिमीटरच्या धाकाने. मन्रोला तर हे माप रोज नव्याने ठरवायचं होतं, कारण पिस्टन रोज नवा. आणि तो मोजायचा कशाने? त्याचा मायक्रोमीटर म्हणजे सायकलच्या चाकात असते तसली जुनी तार होती, असं त्याच्याबद्दल नोंदवलेलं आहे. हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पिस्टन ओतता येतो, कनेक्टिंग रॉड नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणारा हा दांडा. इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्या घेत असेल तर पिस्टन सेकंदाला 83 वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. पिस्टन 300 ग्रॅमचा धरा. वरच्या टोकाला वळताना तो या दांड्याला साधारण 400 किलोच्या ओढीने ताणतो. ओतीव तुकडा हे फार काळ सोसत नाही. आत हवेचा एखादा बुडबुडा राहिला असेल तर तिथूनच तडा जातो. इथे घडवलेलं, कसलेलं पोलाद हवं, आणि ते घरच्या भट्टीत वितळत नाही. म्हणून मन्रोने जुन्या ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल घेतला आणि त्यातून दांडे कोरून काढले. माझ्या मते त्याची खरी हुशारी इथे दिसते. ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल ज्या कारखान्यात बनला तिथे पोलादाची निवड आणि घडाई आधीच होऊन गेली होती. भंगारात लोखंड सगळेच बघतात. त्यात दुसऱ्याने आधीच केलेली मेहनत कुठे पडली आहे हे याने पाहिलं.

तरी इंजिनं फुटलीच, कितीतरी वेळा. फुटलेले पिस्टन, वाकलेले व्हॉल्व्ह, तुटलेले दांडे त्याने टाकले नाहीत. गॅरेजात एका फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि फळीवर लिहिलं की ही वेगाच्या देवाला वाहिलेली भेट. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये दसऱ्याला पान्यांची पूजा होते. याने मोडक्या भागांची मांडली, वर्षभर.

उरलेला हिशोब हवेचा. सरळ ताठ बसलेला माणूस म्हणजे हवेच्या दृष्टीने भिंत. मन्रो गाडीवर पोटावर निजायचा आणि दोघांभोवती माशाच्या आकाराचं कवच असायचं. यामुळे तीच ताकद कितीतरी पुढे पुरते. पण कवचाने नवीच अडचण उभी राहते. हवेचा सगळा रेटा ज्या बिंदूवर एकवटतो तो गाडीच्या वजनाच्या मध्याच्या पुढे गेला, तर जरा तिरकं होताच हवा तोंड आणखी तिरकं करते. गाडी डुलायला लागते. 1967मध्ये नेमकं तेच झालं. मन्रोने स्वतः सांगितलेला प्रसंग असा: गाडी हेलकावे खाऊ लागली म्हणून वेग कमी करायला तो कवचातून वर उठून बसला, म्हणजे छातीचाच ब्रेक केला. वाऱ्याने डोळ्यांवरचा गॉगल उपटून नेला, दिसेनासं झालं, वाटेतला पोलादी खुंट इंचाने हुकला. शेवटी त्याने गाडी आडवी घातली. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही.

बॉनव्हिलचं मैदान आटून गेलेल्या प्राचीन सरोवराच्या तळाचं. मिठाचा पसारा नजर पोचेल तिथवर सपाट. उंची मात्र सुमारे 1,280 मीटर, म्हणजे पाचगणीच्या बरोबरीची. हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी. पण प्राणवायूही कमी, त्यामुळे इंजिनाची ताकदही कमी. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. शिवाय इन्व्हरकार्गिल समुद्रसपाटीला, तिथे लावलेला कार्ब्युरेटर इथे चालत नाही. विक्रम धरला जातो तो एका धावेचा नाही, दोन्ही दिशांच्या दोन धावांच्या सरासरीचा, म्हणजे वाऱ्याची मदत वजा होते. या सरासरीतच एक गंमत दडून राहिली होती. 1967मध्ये जाहीर झाला तो वेग 183.586 मैल. मन्रो 1978 साली गेला. पुढे त्याच्या मुलाला या हिशोबातली चूक दिसली, आणि 2014 साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा दुरुस्त करून 184.087 केला. अर्धा मैल 47 वर्षांनी जमा झाला. या माणसाची बहुतेकांना ओळख झाली ती 2005च्या 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' या सिनेमामुळे. त्यात अँथनी हॉपकिन्स आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. गाडी मात्र इन्व्हरकार्गिलमध्येच, हार्डवेअरच्या एका दुकानात ठेवलेली आहे, खिळे-स्क्रू घ्यायला आलेल्या माणसाला दिसावी अशी.

आता एक मजा. हीच गाडी महाराष्ट्रात असती तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदच मिळाली नसती! 2021 साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, पण मूळ रूपात जपलेली, मोठे फेरबदल न केलेली. अशा गाडीला नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचे 20,000 रुपये पडतात, आणि ती रॅली-प्रदर्शनासाठी काढता येते, रोजच्या वापराला नाही. बाकी गाड्यांच्या बाबतीत मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करायला मनाई करणारं. मला हा नियम अगदीच गैर वाटत नाही, रस्त्यावर आपल्याबरोबर इतरही माणसं असतात. पण डोकं लढवायला मोकळी जागा, बंद ट्रॅक, ओस धावपट्टी आपल्याकडे हौशी माणसाला जवळपास मिळतच नाही, ही तक्रार मात्र खरी आहे.

तरीही मूळ रूपात जुनी गाडी उभी करणं हे घरच्या अंगणात, थोड्या पैशात, आजही होण्यासारखं काम आहे. म्हैसूरला बनलेल्या जुन्या जावा आता पन्नाशी ओलांडून गेल्यात आणि कितीतरी वाड्यांत, गोठ्यांत, जिन्याखाली त्या गंजत पडल्या आहेत. तुमच्याकडे तशी एखादी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी इंजिन आणि चासीवरचा गंज मऊ ब्रशने झाडा, दोन्ही नंबर कागदावर उतरवून घ्या आणि घरातलं जुनं आर.सी. बुक शोधा. नंबर जुळले तर गाडी विकू नका.