पालिकेच्या सेवकाची पगारवाढ

जुलै महिना उजाडला कीं महाराष्ट्रांतील पालिकेंत नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या घरीं एक प्रश्न हमखास निघतो : यंदां पगार किती वाढला ? प्रश्न एक असला तरी त्याचीं उत्तरें तीन आहेत. ज्याला सरसकट पगारवाढ म्हणतात तींत तीन निरनिराळ्या वाढी असतात, आणि प्रत्येकीचें घड्याळ वेगळें चालतें.

पहिली वार्षिक वेतनवाढ. ज्या महिन्यांत माणूस नोकरीस लागला त्या महिन्यांत ती पूर्वीं मिळत असे. सहाव्या वेतन आयोगानें सर्वांसाठीं 1 जुलै हा एकच दिवस नेमला. वाढ मूळ वेतनाच्या सुमारें शेंकडा तीन. सातव्या आयोगानें वेतनाचा तक्ताच आंखून दिल्यामुळें हिशेब करावा लागत नाहीं. राज्यांतील सर्वांत खालच्या स्तरावर 15,000 रुपयांपुढील घर 15,500 रुपयांचें आहे, आणि सेवक एक घर पुढें सरकतो. मात्र एकच दिवस नेमल्यानें एक विचित्र अन्याय उद्भवला. जो 30 जूनला सेवानिवृत्त होई, त्याची वर्षभराची सेवा पुरी होऊनहि दुसऱ्या दिवशीं पडणारी वाढ निसटे, आणि निवृत्तिवेतन तेवढ्यानें जन्मभर कमी राही. कर्नाटकांतील वीज पारेषण महामंडळाच्या सेवकांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें 11 एप्रिल 2023 रोजीं असें ठरविलें कीं, वाढ ही सरलेल्या वर्षाच्या सेवेबद्दल असते. ती दुसऱ्या दिवशीं देय होते एवढ्यावरून नाकारतां येत नाहीं.

दुसरी वाढ महागाई भत्त्याची. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढतात. सातव्या आयोगाच्या वेतनासाठीं 261.42 हा आंकडा पायाभूत धरला आहे. त्यावर सरासरी जितके टक्के चढली, मूळ वेतनाच्या तितके टक्के भत्ता. वर्षांतून दोनदां, 1 जानेवारी व 1 जुलै या तारखांपासून, तो बदलतो. पण तारीख लागू होणें निराळें आणि रुपया हातीं पडणें निराळें. 1 जानेवारी 2024 पासूनचा 50 टक्के दर केंद्रानें मार्चमध्यें जाहीर केला. महाराष्ट्र शासनाचा आदेश जुलैमध्यें निघाला. त्यानंतर पालिकेनें आपल्या अंदाजपत्रकांतील तरतूद पाहावयाची. तोंपर्यंत वाण्याची उधारी कांहीं थांबत नाहीं. मधल्या महिन्यांची रक्कम थकबाकी म्हणून मिळते खरी, पण नेहमींच नव्हे. 2020 च्या साथींत केंद्रानें तीन हप्ते गोठविले. जुलै 2021 पासून दर 17 वरून 28 टक्क्यांवर नेला, परंतु मधल्या अठरा महिन्यांचा फरक दिला नाहीं.

तिसरी वाढ सर्वांत मोठी व सर्वांत अनिश्चित : वेतनश्रेणीची पुनर्रचना. ती साधारण दहा वर्षांनीं येते. सातव्या आयोगाचें वेतन 1 जानेवारी 2016 पासूनचें. राज्य शासनाच्या सेवकांना तें 2019 च्या जानेवारीच्या पगारांत मिळूं लागलें. पालिकांना परवानगी त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मिळाली, तीहि अटींवर. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, शासनाची मान्यता हवी. पुण्यासारख्या मोठ्या महानगरपालिकेलाहि ही मान्यता मिळण्यास 2021 साल उजाडलें. मुख्य अट अशी कीं, आस्थापनेचा खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांवर जाऊं नये. अट समंजस आहे. सारी तिजोरी पगारांतच रिती झाली तर नळाला पाणी कोठून यावें? परंतु तिचा भार पडतो तो भलत्याच माणसावर. घरपट्टी वसूल करणें सफाई कामगाराच्या हातीं नसतें. तरी वसुली खुंटलेल्या गांवांत वाट पाहावी लागते ती त्यालाच.

प्रमाण राखण्याचा एक सोपा मार्गहि निघाला आहे. कायम जागा रिकाम्या ठेवून तेंच काम कंत्राटदाराकडून करून घ्यावयाचें. त्याच रस्त्यावर झाडू मारणाऱ्या त्या कंत्राटी कामगाराला या तिन्ही वाढींपैकीं एकहि लागू होत नाहीं. त्याचा दर किमान वेतनाच्या अधिसूचनेनें ठरतो, व त्यांतील विशेष भत्ता तेवढा सहा महिन्यांनीं बदलतो.